डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती कशी ठेवायची: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

गेम सुरू केला की दहा मिनिटांत फॅन घोंघावायला लागतात. व्हिडिओ रेंडर करताना मशीन मध्येच मंदावतं. एप्रिल-मेमध्ये तर ते आपोआप बंदच पडतं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘अजून दोन फॅन टाका’ किंवा ‘लिक्विड कूलर घ्या’. बऱ्याचदा यातलं काहीच लागत नाही. मागचा फॅन उलटा बसवलेला, पुढची जाळी धुळीने बुजलेली, कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात कोंबलेलं, हे प्रकार मी इतक्यांदा पाहिले आहेत की आता कुणी मशीन तापतंय म्हणालं की खर्च करण्याआधी खाली दिलेल्या क्रमानेच जायला सांगतो.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. हीटसिंक (चिपवरचा पात्यांचा धातूचा ठोकळा), कूलर (हीटसिंक आणि त्याचा फॅन मिळून), फॅन यांतलं काहीही उष्णता नाहीशी करत नाही. ती चिपमधून काढून हवेत सोडली जाते, एवढंच. ती तापलेली हवा कॅबिनेटबाहेर गेली नाही, तर कूलर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. म्हणून फॅन किती आहेत यापेक्षा हवेची वाट कशी आहे ते महत्त्वाचं: गार हवा कुठून आत येते, कशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते. समोरासमोर खिडक्या असल्या की घरात वारा खेळतो. एकाच भिंतीला चार खिडक्या असून तो खेळत नाही. कॅबिनेटचंही तसंच आहे.

आणि एक मर्यादा: हवेने थंड होणारं मशीन खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर आतली प्रत्येक गोष्ट ३८ च्या वरच राहणार.

काय काय लागेल

- चुंबकी टोकाचा स्टार स्क्रूड्रायव्हर (मध्यम, २ नंबरचा)
- मऊ रंगकामाचा ब्रश, एक ते दीड इंची, कोरा
- हाताने दाबायचा किंवा विजेवरचा ब्लोअर
- केबल टाय किंवा वेल्क्रोच्या पट्ट्या
- मोबाइलचा टॉर्च आणि खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर
- कूलर काढणार असाल तरच: थर्मल पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप), आयसोप्रोपिल अल्कोहोल, न पिसणारं कापड
- उदबत्ती आणि टिश्यू पेपर. यांचं काम पुढे येईल.

आत हात घालण्यापूर्वी मशीन बंद करा, मागचं एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बटण बंद करा, वायर काढा आणि पुढचं पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डावर (ज्यावर सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डावर) उरलेला करंट उतरतो. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात लावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जिवावर बेतेल इतका चार्ज राहू शकतो.

## १. आधी तापमान मोजा

ही पायरी गाळून थेट फॅन विकत घेणारेच जास्त. पण आधीचा आकडा हाती नसेल तर नंतर काय सुधारलं हे कळणार कसं?

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे. मशीन पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवा आणि आकडे लिहा. मग तुमचं नेहमीचं जड काम, म्हणजे गेम किंवा रेंडरिंग, अर्धा तास चालवा आणि पुन्हा लिहा. पाच मिनिटांत घेतलेला आकडा फसवा असतो. हीटसिंक आणि आतली हवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि खोली या चारही तापमानांची नोंद हवी.

खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. समजा मे महिन्यात अकोल्यात खोली ३८ अंशांवर आहे आणि प्रोसेसर ८२ वर. डिसेंबरमध्ये पुण्यात खोली २४ वर आणि प्रोसेसर ६८ वर. दोन्हीकडे फरक ४४ अंशांचाच आहे, म्हणजे दोन्ही मशीन सारख्याच चांगल्या किंवा वाईट रीतीने थंड होतायत. थंड प्रदेशातल्या कुणी व्हिडिओत दाखवलेला आकडा बघून घाबरू नका. तिथली खोली २० अंशांवर असते.

किती म्हणजे जास्त? इंटेलच्या १२ व्या पिढीच्या आय-५ १२४०० ची कमाल मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची ९५, तर आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाची ९३. या मर्यादेला चिप स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवते, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. रायझन ७००० मधले मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ ला टेकतात ते मुद्दाम तशीच आखणी असल्यामुळे, त्याची धास्ती नको. इतरांच्या बाबतीत ऐन उन्हाळ्यात प्रोसेसर ८५ च्या आत आणि ग्राफिक्स कार्ड ८० च्या आसपास राहिलं तर मी पुढे काही करायला सांगत नाही.

## २. बाजूचं पॅनल काढून बघा

निदानासाठी एवढी सोपी युक्ती दुसरी नाही. डावीकडची काच किंवा पत्रा काढा, तेच काम पुन्हा अर्धा तास चालवा आणि आकडे ताडून पाहा.

तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं, तर कॅबिनेट गुदमरतंय. पायरी ३ ते ७ तुमच्यासाठी आहेत. एक-दोन अंशांचाच फरक पडला, तर हवा ठीक आहे आणि दोष बहुधा कूलर, थर्मल पेस्ट किंवा फॅनच्या सेटिंगमध्ये आहे. थेट पायरी ८ ला जा. हवेची वाट चांगली असेल तर पॅनल काढल्यावर तापमान थोडं वाढतंसुद्धा, कारण पुढून मागे जाणारा झोत तुटतो.

मग पॅनल कायमचं काढूनच का ठेवू नये? उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ फिल्टर न होता थेट बोर्डावर बसते, आणि पाल, झुरळं, मुंग्या यांना आयतं ऊबदार घर मिळतं. समोर टेबल फॅन लावण्याचा उपायही एखाद्या दिवसापुरताच ठीक आहे.

## ३. कॅबिनेट ठेवलंय कुठे ते बघा

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना सीपीयू ठेवायला जो खण असतो, तो हवेचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, समोर कधी दार. मागून निघालेली गरम हवा त्याच खणात फिरून पुढून पुन्हा आत जाते. खणाची मागची फळी काढता येत असेल तर काढा, नाहीतर कॅबिनेट बाहेर काढून टेबलाच्या शेजारी ठेवा. यासाठी खर्च शून्य आहे आणि परिणाम मात्र पुष्कळदा नवीन फॅनपेक्षा जास्त.

मागे भिंतीपासून निदान वीतभर अंतर हवं. खाली गालिचा नको. एसएमपीएस खालून हवा घेत असेल तर गालिचा त्याचं तोंडच बंद करतो. चालू मशीनवर प्लॅस्टिकचं किंवा कापडी कव्हर कधीच नको.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात. कूलरमुळे खोली गार होते तर मशीनलाही फायदाच, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्या हवेत ओल भरपूर असते आणि पाण्याचे बारीक थेंबही येतात.

## ४. हवेची वाट ठरवा

आता मुख्य कामाला येऊ. १९९५ साली इंटेलने आणलेली एटीएक्स ही मदरबोर्ड आणि कॅबिनेटची रचनाच आजही बहुतेक डेस्कटॉपमध्ये आहे. (हवेच्या वाटेचा विचार करून २००४ मध्ये इंटेलने बीटीएक्स नावाची वेगळी रचना बाजारात आणली होती, पण ती टिकली नाही.) एटीएक्सच्या उभ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर वरच्या-मागच्या बाजूला येतो, ग्राफिक्स कार्ड त्याच्या खाली आडवं आणि एसएमपीएस हल्ली बहुतेक ठिकाणी तळाशी. या मांडणीला साजेशी वाट एकच: पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर.

पुढचे फॅन आत ओढणारे, म्हणजे इनटेक. मागचा फॅन बाहेर फेकणारा, म्हणजे एक्झॉस्ट. टॉवर कूलर (उभा, उंच हीटसिंक असलेला) असेल तर त्याचा फॅन पुढच्या अंगाला, मागच्या एक्झॉस्टच्या दिशेने फुंकणारा. असं केलं की गार हवा पुढून येते, कार्डावरून आणि कूलरमधून जाते आणि सरळ मागे निघते.

गरम हवा वर जाते म्हणून वरचे सगळे फॅन एक्झॉस्ट लावा, असं सर्रास सांगितलं जातं. गरम हवा वर जाते हे खरं, पण बंद कॅबिनेटमध्ये तिचा तो जोर फॅनच्या मानाने नगण्य असतो. हवा फॅन नेईल तिकडे जाते. छताच्या पुढच्या भागात एक्झॉस्ट लावला, तर पुढच्या फॅनने नुकतीच आत घेतलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो बाहेर फेकतो. छतावर एकच फॅन लावायचा असेल तर मागच्या अर्ध्या भागात लावा आणि पुढची मोकळी जाळी शक्य असेल तर झाका.

आता दाबाविषयी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असेल तर कॅबिनेटमध्ये किंचित जास्त दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेरच झिरपते. उलट, बाहेर फेकणारे फॅन वरचढ झाले तर कमी पडलेली हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, आणि त्या फटींना फिल्टर नसतो. तापमानात या दोहोंत फार फरक पडत नाही, धुळीत मात्र पडतो. आपल्याकडची धूळ पाहता मी पहिलाच प्रकार सुचवतो. लक्षात असू द्या, इनटेकच्या फॅनसमोर फिल्टर आणि जाळी असते, त्यामुळे त्यांची हवा मुळातच कमी होते. पुढे एक आणि मागे एक असं समसमान लावलं तर प्रत्यक्षात बाहेर फेकणाराच जिंकतो. म्हणून पुढे दोन, मागे एक ही मांडणी बहुतेक घरगुती मशीनना बरोबर बसते.

ग्राफिक्स कार्डाचे बहुतेक प्रकार आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात. एकच गोल ब्लोअर फॅन असलेली कार्डं ती मागच्या पट्टीतून बाहेर टाकतात, पण अशी कार्डं आता घरगुती बाजारात कमी दिसतात. मशीनमधला सगळ्यात जास्त उष्णता सोडणारा भाग बहुधा हे कार्डच असतं. तेव्हा पुढच्या फॅनपैकी एक तरी कार्डाच्या उंचीला हवा.

एसएमपीएसच्या फॅनचं तोंड तळाला जाळी आणि फिल्टर असेल तर खाली, नाहीतर वर. तळ सपाट बंद पत्र्याचा असताना फॅन खाली तोंड करून बसवलेला मी पाहिला आहे; तसं असेल तर लगेच उलटा करून घ्या.

शेवटी पुढचं पॅनल. सलग काचेचं किंवा प्लॅस्टिकचं पॅनल आणि बाजूला बोटभर फट, अशी कॅबिनेटं दिसायला देखणी असतात, पण त्या पॅनलमागे तीन फॅन असले तरी त्यांना ओढायला हवा कुठून मिळणार? नवं कॅबिनेट घेणार असाल तर पुढे जाळीचंच घ्या. यात तडजोड करू नका. दिवे नंतर कधीही लावता येतात. जुनं काचेचं असेल तर ते पुढचं पॅनल काढून एकदा तापमान मोजा, म्हणजे तुमच्या मशीनला त्याची किती किंमत मोजावी लागतेय ते कळेल.

## ५. फॅनची दिशा ओळखायला शिका

फॅन हातात घ्या. एका बाजूने पाती मोकळी दिसतात, मध्ये काही अडत नाही. दुसऱ्या बाजूला चौकटीपासून मध्यापर्यंत तीन-चार काड्या गेलेल्या असतात, त्यांनी मधली मोटर धरून ठेवलेली असते आणि तिच्यावर स्टिकर असतो. वायरही त्याच बाजूने निघते. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही फॅनच्या चौकटीच्या कडेला दोन बाणही कोरलेले असतात: एक पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची.

म्हणजे बरोबर बसवलेल्या पुढच्या फॅनच्या काड्या कॅबिनेटच्या आतून दिसतात आणि मागच्या फॅनच्या काड्या बाहेरून.

इथे एक नवा सापळा आहे. काचेतून काड्या दिसू नयेत म्हणून आता उलट्या पात्यांचे फॅन मिळतात. त्यांचा झोत नेहमीच्या फॅनच्या विरुद्ध दिशेने जातो. त्यामुळे बसवून झाल्यावर डोळ्यांवर विसंबू नका. चालू फॅनच्या जाळीसमोर टिश्यू पेपरचा तुकडा धरा. जाळीला चिकटला तर हवा आत जातेय, फडफडून दूर गेला तर बाहेर येतेय.

## ६. किती फॅन, कसले फॅन

थोडं गणित करू, कारण त्याने बरेच गैरसमज दूर होतात. आय-५ १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क धरून ३०० वॅट म्हणू. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आत आलेली हवा बाहेर पडताना फक्त १० अंशांनी तापलेली असावी असं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. फॅनच्या पाकिटावर लिहितात त्या मापात ती साधारण ५३ सीएफएम (मिनिटाला घनफूट) होते.

१२० मिलिमीटरच्या साध्या फॅनच्या पाकिटावर ५० ते ६० सीएफएम लिहिलेलं असतं. पण तो आकडा समोर काहीही अडथळा नसताना आणि पूर्ण वेगाने मोजलेला असतो. फिल्टर, जाळी आणि कमी वेग धरला तर निम्मा जमेस धरा. म्हणजे अशा मशीनला पुढे दोन आणि मागे एक फॅन पुरे होतात. सहा-सात फॅन लावून आकडा दोन-तीन अंशांनीच हलतो, कारण कॅबिनेटमधली हवा आधीच पुरेशी बदलत असते.

आवाजाचंही गणित ऐका. फॅनचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो आणि वीज आठपट लागते. त्याउलट तशाच वेगाचा दुसरा फॅन शेजारी लावला तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन सावकाश फिरवा. जागा असेल तर १४० मिलिमीटरचा घ्या. तितकीच हवा तो कमी वेगात देतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पाकिटावर तीन गोष्टी वाचा: आकार, पिना तीन की चार, आणि बेअरिंगचा प्रकार. स्लीव्ह बेअरिंग स्वस्त असतं, पण उष्णतेत आणि आडव्या बसवणीत लवकर घरघरू लागतं. छतावर ते नको. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग थोडं महाग, पण टिकाऊ. फिल्टरमागे किंवा लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर (त्यातला द्रव गार करणाऱ्या जाळीवर) लावायचा फॅन जास्त स्टॅटिक प्रेशरवाला, म्हणजे अडथळ्यातूनही हवा रेटणारा घ्या, मागच्या मोकळ्या जाळीवर कुठलाही चालतो.

## ७. जोडणी

तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, चार पिनांच्या फॅनचा पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनेवरून येणाऱ्या) सिग्नलने. तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या हेडरवर (बोर्डावरच्या फॅन जोडायच्या पिनांवर) बसतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा मोड डीसी, म्हणजे व्होल्टेजचा, केला नाही, तर मात्र तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. पुष्कळांच्या ‘फार आवाज येतो’ या तक्रारीचं कारण एवढंच असतं.

प्रोसेसर कूलरचा फॅन ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या हेडरलाच लावा. तिथे काही नसेल तर बरीच मशीन सुरू होतानाच चूक दाखवून थांबतात. बहुतेक बोर्डांवर एका हेडरची क्षमता १ अँपिअर असते. साधा १२० मिलिमीटरचा फॅन ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा स्प्लिटरने (एका जोडाचे अनेक करणाऱ्या वायरने) दोन-तीन फॅन एका हेडरवर निर्धास्त चालतात. त्याहून जास्त असतील तर स्वतंत्र वीज घेणारा हब घ्या. एसएमपीएसच्या मोलेक्सला (मोठ्या चार पिनांच्या वीजजोडाला) थेट जोडलेले फॅन चालतात, पण त्यांचा वेग बोर्डाला बदलता येत नाही.

दिव्यांच्या वायरी जपून जोडा. चार पिनांचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा असतो, तीन पिनांचा एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणारा) ५ व्होल्टचा. ५ व्होल्टचे दिवे १२ वर जबरदस्तीने बसवले तर ते कायमचे जातात.

## ८. प्रोसेसरचा कूलर आणि थर्मल पेस्ट

पायरी २ मध्ये पॅनल काढून फरक पडला नव्हता? मग इथे बघा.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार पुश-पिना असतात. चारही ‘टक्’ आवाज होऊन आत बसल्या पाहिजेत आणि त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने दाबायच्या. एखादी अर्धवट राहिली की कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि तापमान साध्या ब्राउझिंगलाही भराभर चढतं. बोर्डाच्या मागच्या बाजूने बघा: चारही पिनांची काळी टोकं मधून बाहेर आलेली आणि फाकलेली दिसली पाहिजेत. नव्या कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली नाही ना, तेही पाहा. जुना कूलर नव्या बोर्डावर लावताना भोकांचं अंतर तपासा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) ते ७५ मिलिमीटर होतं, एलजीए १७०० चं ७८ आहे.

पेस्ट मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते. जुनी पेस्ट अल्कोहोल लावलेल्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसून मगच नवी लावा. कूलर एकदा उचलला की तीच पेस्ट पुन्हा वापरायची नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकलेली असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

लिक्विड कूलरविषयी माझं मत सरळ आहे: इथवर सांगितलेल्या प्रोसेसरसाठी तो नको. मध्यम टॉवर कूलर तेवढंच काम करतो आणि त्यात पंप बिघडण्याचा प्रश्न नाही. तरी घ्यायचाच असेल तर रेडिएटर छताला लावा आणि पंप हा त्या रचनेतला सर्वांत उंच बिंदू होणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर हवेचे बुडबुडे पंपात साचतात.

## ९. आतला अडथळा दूर करा

वायरी मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याच्या मागून न्या आणि बांधा. चार-दोन वायरींनी तापमान फारसं बदलत नाही. पण पुढच्या फॅनसमोर लोंबणारा गुंता पात्यांत अडकू शकतो. वापरात नसलेले हार्ड डिस्कचे पिंजरे निघत असतील तर काढा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर नव्या लावा. धूळ तर थांबतेच, पालीचा रस्ताही बंद होतो.

## १०. फॅनचा वेग ठरवून द्या

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. असुसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर अशा नावाने हे पान सापडेल. सुरुवातीला असं द्या:

- ४० अंशांपर्यंत ३० टक्के
- ६० अंशांना ५० टक्के
- ७५ अंशांना ७५ टक्के
- ८५ अंशांना १०० टक्के

प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा अंश वर-खाली होतं आणि फॅन त्याबरोबर उसळत राहतात. त्यासाठी वेग बदलायला तीन ते पाच सेकंदांचा उशीर ठेवा. बहुतेक बायोसमध्ये तशी सोय असते. गेम खेळताना खरी उष्णता कार्डाची असते, आणि बायोसला कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही. विंडोजवर फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर पुढचे फॅन प्रोसेसर आणि कार्ड यांपैकी जे जास्त तापलंय त्यानुसार फिरवता येतात. मला तरी ही या सगळ्यातली सर्वांत समाधान देणारी सुधारणा वाटते, कारण मशीन गप्प राहतं आणि गरज असेल तेव्हाच बोलतं.

## ११. उदबत्तीने वाट तपासा, मग पुन्हा मोजा

खोलीतला पंखा बंद करा, पॅनल लावलेलं असू द्या आणि पेटती उदबत्ती कॅबिनेटपासून चार बोटांवर धरून सावकाश फिरवा. राख आत जाणार नाही एवढी काळजी घ्या. पुढच्या जाळीपाशी धूर सरळ रेषेत आत ओढला जाईल, मागे तो दूर ढकलला जाईल. आता स्लॉटच्या पट्ट्या, पॅनलच्या कडा, छताची जाळी यांच्याजवळ न्या. धूर बाहेरच्या बाजूला सरकत असेल तर दाब हवा तसा आहे. कडेच्या फटींतून तो आत खेचला जात असेल, तर मागच्या आणि वरच्या फॅनचा वेग थोडा उतरवा आणि पुन्हा पाहा. मागून निघालेला धूर वळसा घालून छताच्या जाळीतून परत आत जाताना दिसला, तर कॅबिनेट भिंतीला फार चिकटलंय.

यानंतर पायरी १ ची चाचणी त्याच कामावर पुन्हा करा, खोलीचं तापमान वजा करा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.

सगळं करूनही आकडे चढेच असतील तर उष्णता मुळातच कमी करा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणली तर वेगात पडणारा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. रायझनमध्ये कमी विजेवर चालवणारा इको मोड आहे, इंटेलच्या बोर्डांत पॉवर लिमिट बांधून देता येते. मे महिन्यातल्या चंद्रपूर-नागपूरकरांना मी हे विनासंकोच सुचवेन.

## १२. धूळ

फिल्टर महिन्यातून एकदा झटका. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर दर पंधरा दिवसांनी. आतली सफाई वर्षातून दोनदा पुरे: एक उन्हाळ्याच्या तोंडावर, दुसरी दिवाळीच्या साफसफाईत. मशीन गॅलरीत न्या, ब्लोअर मारताना प्रत्येक फॅनची पाती बोटाने धरून ठेवा (झोताने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतं) आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटलेली पुटं ब्रशने सोडवा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप बोर्डाला लावू नका. त्यातून स्थिर वीज तयार होते. एसएमपीएसला बाहेरूनच फुंकर मारायची.

नायलॉनचे फिल्टर पाण्याने धुता येतात, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचे नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, त्याला दोन दिवसही लागतात. तेवढे दिवस मशीन फिल्टरशिवाय चालवलं तरी बिघडत नाही.